ओलं वजन

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. पाठीवर भरलेली सॅक, जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. खाली लाँड्रीच्या दारातून नवरा मान वर करून बघत होता, आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं.

"झेपत नसेल तर ये खाली," तो ओरडला. "चहा टाकतो."

"मी ठीक आहे. सॅकला दम लागलाय," ती वरून म्हणाली आणि पुन्हा चढायला लागली.

वर गच्ची होती. हॉटेलांच्या चादरी तिथे वाळत घालायच्या. दोरी रिकामी झाली की समोर तो डोंगर दिसायचा, चादरी टाकल्या की दिसेनासा व्हायचा. तिचं अर्धं आयुष्य असं दोरीआडून डोंगर बघण्यात गेलं. मागच्या वर्षी न्यूमोनियातून उठली, हॉस्पिटलातून घरी आली, गच्चीवर गेली आणि म्हणाली, "बघून झालं. आता जाऊन येते." सलग पाच दिवस चालायचं, खिंड ओलांडायची, आपलं ओझं आपल्याच पाठीवर.

नवरा तेव्हा "हो हो" म्हणाला. त्याला वाटलं, बोलेल आणि विसरेल. पण ती हट्टालाच पेटली. सॅकमध्ये कोरड्या चादरी भरल्या, दुकानातल्या काट्यावर वजन केलं आणि सॅक दारामागच्या खिळ्याला टांगली. रोज सकाळी ती पाठीवर घेऊन जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. नवे बूट पायाला बसावेत म्हणून दिवसभर ते घालूनच इस्त्री करायची. गिऱ्हाइकं विचारत, "काकू, इस्त्रीला बूट कशाला?" "चटका बसला तर पळता यावं म्हणून," ती सांगायची. झोपायला जमीन, खिडकी सताड उघडी. नवरा पलंगावर दोन रजयांखाली कुडकुडत पुटपुटायचा.

"पाय होतील हो तयार," ती म्हणायची, "मन तयार करायचंय. डोंगराकडे बघायचंच नाही. पुढचं वळण बघायचं आणि म्हणायचं, एवढंच."

तो मात्र हॉस्पिटलात तिच्या खाटेशेजारच्या खुर्चीवर बसून तिचा एकेक श्वास ऐकलेला माणूस. ही गेली आणि तिकडे काही झालं तर? सरळ सांगावं तर भांडण, आणि भांडणात तो आजवर एकदाही जिंकला नव्हता. मग त्याला युक्ती सुचली. डोंगरावर तुकड्या नेणाऱ्या ट्रेकवाल्या बाईंची अट होती: आधी गावामागची टेकडी भरल्या सॅकनिशी चढून दाखवायची, मध्ये बसला तो बाद. तोवर हिचा धीर सुटला, की सुंठीवाचून खोकला गेला.

संध्याकाळी ती हॉटेलात चादरी पोचवायला गेली की तो सॅक उतरवायचा. तळाची एक चादर काढायची, नळाखाली भिजवायची, प्लास्टिकमध्ये गुंडाळून परत तळाला घालायची. दुसऱ्या दिवशी आणखी एक. ओली चादर काय जड होते, हे लाँड्रीवाल्याला कोणी शिकवायला नको.

तिच्या नाकी नऊ आले. एका सकाळी ती पायरीवर बसलीच. डोळ्यांत पाणी आलं होतं. "आज नाही जमलं," ती म्हणाली. "उद्या." त्या संध्याकाळी नळ सोडताना त्याचा हात थांबला. मग ती खुर्ची आठवली, आणि त्याने दोन चादरी भिजवल्या.

परीक्षेच्या दिवशी सॅकमधल्या चादरी निघाल्या, ट्रेकचं खरं सामान आत गेलं. बाईंनी वजन करून "बरोबर" म्हटलं. तिने सॅक पाठीवर घेतली, क्षणभर थांबली, नवऱ्याकडे बघून हसली आणि चालू पडली. तो पायथ्याशी थर्मास घेऊन बसला. तिची समजूत कशी घालायची, ते मनात जुळवत होता.

ती परत आली तेव्हा निम्म्या वयाची मंडळी अजून मागेच होती.

"काका, मावशींना खायला काय घालता?" ट्रेकवाल्या बाई म्हणाल्या. "चढावर गप्पा मारत होत्या!"

करायला गेला एक आणि झालं भलतंच. घरी आल्यावर तिने बुटांच्या नाड्या सोडल्या.

"अहो, प्लास्टिकमध्ये कोंडलेल्या ओल्या चादरीचा वास मला येणार नाही, असं वाटलं तुम्हाला?"

त्याचा चेहरा पडला. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"वजन वाढवायचंच होतं. स्वतःच्या पाठीवर वाढवायला हात धजत नव्हता. तुम्ही इतकं मन लावून वाढवत होतात, म्हटलं, चालू द्या."

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं झालं होतं त्याचं. "मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "तू तिकडे आणि मी इथे वाट बघत बसायचं. पुन्हा त्या खुर्चीवर बसल्यासारखं. नाही होणार माझ्याच्याने."

"माहीत आहे मला. म्हणून तर बाईंना सांगून आले, या खेपेला नको, पुढच्या तुकडीत घाला. दोघांना."

"दोघांना?"

ती उठली. दारामागून दुसरी सॅक काढून तिने त्याच्या खांद्यांवर चढवली. तो मागच्या मागे झुकला.

"अगं, ही एवढी जड कशी?"

"पहिला दिवस म्हणून एकच चादर भिजवलीय," ती म्हणाली. "चढा."