अण्णांचं गाणं

सकाळी यंत्राकडून रचून घेतलेलं गाणं हेरंबने संध्याकाळी थोरल्या बहिणीच्या घरी लावलं. जुन्या रेकॉर्डची खरखर, दमलेली पेटी, सगळं हुबेहूब उतरलं होतं. कंपनीत त्याचं कामच ते होतं. कुणी कधी गायलीच नाहीत अशी जुनी गाणी बनवायची.

मटार सोलता सोलता शशीताईचे हात थांबले. डोळे भरून आले.

"अरे, हे तर अण्णांचं गाणं! खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करताना म्हणायचे. एकदा तुझ्या नाकाला फेस लावला होता, आठवतं?"

हेरंबने गाणं बंद केलं. वडिलांचा तो आरसा खरा होता, फेसही खरा होता.

"ताई, हे गाणं आज सकाळी तयार झालंय. मीच केलंय."

"चल, काहीतरीच!"

"अगं, अण्णा दुसरंच गाणं म्हणायचे."

"कुठलं? म्हणून दाखव बरं."

हेरंबने डोळे मिटले. साबणाचा वास आला, अण्णांची वर केलेली हनुवटी दिसली, हलणारे ओठ दिसले. त्याने सूर लावला, तर तोंडून सकाळचंच गाणं आलं.

ताई खुशीत त्याच्याबरोबर गाऊ लागली.