डावी बाजू, उजवी बाजू

केस सरळ करायचं ते मशीन अठ्ठावीस हजारांचं. घ्यावं की नाही, यावर श्रुतिकाने महिनाभर डोकं खाल्लं, स्वतःचं आणि आईचंही. शेवटी साखरपुड्याच्या दिवशी, मालाडचा मॉल उघडताच, ती तिथल्या मशीनच्या काउंटरवर जाऊन बसली. डेमो फुकट होता, पण फरक कळावा म्हणून मोजून अर्ध्या डोक्याचा. डावीकडचे केस पट्टीने आखल्यासारखे सरळ झाले, उजवीकडचे कुरळेच राहिले.

"पॅक करू, मॅडम?"

"घरी विचारून सांगते."

डोक्यावरून ओढणी घेऊन श्रुतिकाने रिक्षा पकडली आणि बोरिवलीचा मॉल गाठला. तिथेही त्याच मशीनचं काउंटर होतं. खुर्चीत बसून तिने डावी बाजू ओढणीखाली घट्ट दाबून धरली.

"उजवीकडे डेमो द्याल? घ्यावं की नाही, अजून ठरत नाहीये."

काउंटरवरच्या मुलीने ओढणी बाजूला केली. आधी सरळ केस पाहिले, मग श्रुतिकाच्या हातांवरची ताजी मेंदी. श्रुतिकाने हात पटकन ओढणीत लपवले. वाट लागली! आता संध्याकाळी सासरच्यांसमोर असंच बसायचं.

"आज साखरपुडा ना?"

श्रुतिकाने खाली बघतच मान हलवली.

मुलीने मशीन सुरू केलं, कंगवा उचलला आणि हसली.

"माझ्या साखरपुड्याला मी उजवी बाजू आधी करून घेतली होती."