ताईच्या पोटातलं बाळ

शलाकाताईने महिन्याच्या बाळाला दुपट्यात गुंडाळून केतकीच्या मांडीवर ठेवलं. केतकीचं दुसरं बाळ खाली गाडीत, नवऱ्यापाशी होतं.

केतकीला जुळं राहिलं, तेव्हा डॉक्टरांनी एक गर्भ दुसऱ्या बाईच्या पोटात हलवायला सांगितलं होतं. जोखीम दोघींत वाटली जाते म्हणून आता सगळीकडे तसंच करत. थोरली बहीण आपणहून तयार झाली. केतकी सुखरूप बाळंत झाली. रक्तदाब चढला तो ताईचा. तिला झटके आले आणि डाव्या डोळ्याची दृष्टी गेली.

“तू काय मुद्दाम केलंस का?” ताई म्हणायची. त्याने केतकीला आणखीच अपराधी वाटायचं.

बाळ रडायला लागलं. केतकीने त्याला अंगाशी घेतलं, पण ते तोंड फिरवून ताईकडेच वळत राहिलं. ताईचा गाऊन दुधाने भिजला.

“ताई, राहू दे याला तुझ्याकडे. थोडे दिवस तरी.”

ताई उठून खिडकीशी गेली. “नको गं. आता घेतलं तर मला परत देववणार नाही.”

केतकी उठली. आपलंच लेकरू पळवून नेत असल्यासारखी ती खाली मान घालून जिना उतरली.