बॅजचा आकडा

"मामा, तुमचा बॅज मर्यादेच्या वर आलाय." मॅडमनी कागद पुढे सरकवला. "थोडाथोडका नाही, चांगलाच वर. तीन महिने काय एक्स-रेच्या खोलीतच मुक्काम टाकला होता का?"

मॅडम एक्स-रे विभागाच्या प्रमुख. मामा त्यांचे टेक्निशियन, अख्ख्या हॉस्पिटलचे मामा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला, मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचला. आकडा तोच. मामांना हसूच फुटणार होतं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. तीन महिन्यांत हा बॅज त्या खोलीत गेलेलाच नव्हता.

आता हे सांगायचं कुणाला? अंगावर किती किरण पडले ते मोजायला हा बॅज छातीवर लावायचा असतो. तीन महिन्यांनी जुना तपासायला जातो, नवा येतो. आकडा वाढला की चौकशी, फॉर्म, खुलासे. मागच्या खेपेला मामांचा आकडा काठावर आला, तर चार पानं खुलासा लिहून बोटं वाकडी झाली. आणि वाढणार नाही तर काय होणार? वर्षभर दोघांचं काम एकट्याच्या उरावर. दिवसाला साठ-साठ छात्या, मोडलेले हातपाय वेगळेच. शेवटी वैतागून त्यांनी बॅज अंगावरून काढला आणि बाहेर टांगून ठेवला. नकोच ती कटकट.

"थकलात हो मामा तुम्ही," मॅडमचा आवाज मऊ झाला. "चूक आमचीच. एकट्या माणसाला इतकं जुंपायला नको होतं. आजपासून तीन महिने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आता नवी मुलगी आलीय ना मदतीला, ती बघेल सगळं. तुम्ही नुसतं बसा."

नुसतं बसा! एकतीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मामांच्या आधी त्यांच्या गुडघ्यांनीच ते ऐकलं. तपासणाऱ्यांनी कुठंतरी घोळ घातला असणार, दुसऱ्या कुणाचा तरी आकडा आपल्या नावावर. घातला तर घातला, आपलं काय जातंय? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. "बरं मॅडम," एवढंच म्हणून मामा उठले.

ही बातमी त्यांना आधी सुनेला सांगायची होती. सून पलीकडच्या रेकॉर्डच्या खोलीत कारकून होती. तिला सातवा महिना लागला होता. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा ती नोंदणीच्या खिडकीवर बसायची. तिथं सारखी गर्दी, सारखी खोकणारी माणसं. मामांनीच चार जणांच्या विनवण्या करून तिला या शांत खोलीत आणलं. जागाही स्वतः बघितली. भिंतीशी खुर्ची, पाठीला उशी.

"बाबा, या वेळी इकडे कसे?" सून म्हणाली. "आणि चेहरा एवढा खुललाय! मशीन मोडलं की काय?"

"त्याहून भारी. तीन महिने बसून खायचं." मामा तिच्या खुर्चीमागं वाकले. तिथं उशीच्या जरा वर एक खिळा होता. तीन महिने बॅज त्याच खिळ्यावर होता, आणि आता नवाही तिथंच टांगलेला होता. तो काढायला त्यांनी हात पुढं केला.

"श्वास घ्या. रोखून धरा." भिंतीपलीकडून नव्या मुलीचा आवाज आला. मग मशीनचा घूं असा आवाज.

मामांचा हात तसाच राहिला. या भिंतीच्या पलीकडे छातीचे एक्स-रे काढायचा स्टँड होता. पूर्वी तो समोरच्या भिंतीला होता, आत शिशाचा पत्रा घातलेल्या. नवं मशीन बसवलं तेव्हा मामांनीच तो इकडे घ्यायला लावला. दर पेशंटमागं बारा पावलं वाचत होती. बसवणाऱ्यानं विचारलंही होतं, "या भिंतीत शिसं आहे ना?" "आहे हो, सगळीकडं आहे," मामा स्टुलावरूनच म्हणाले होते. उठून बघायचं त्राण नव्हतं.

आता त्यांनी भिंतीवर बोट वाजवलं. नुसतं प्लायवूड.

शिकाऊ नर्सना ते दर वर्षी सांगायचे, "हाही प्रकाशच गं पोरींनो. डोळ्याला दिसत नाही, आणि अंगात जोर जास्त. अणू म्हणजे बहुतेक रिकामी जागाच. भिंत आपल्याला अडवते, याला नाही. याला शिसंच लागतं." इतक्या वेळा सांगितलं होतं की बोलताना आता ते स्वतः ऐकतही नसत.

तपासणाऱ्यांचा काही घोळ नव्हता.

"ऊठ," मामा म्हणाले. "ऊठ आधी! तिथून बाजूला हो!" सासऱ्यांचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. पोट सावरत ती उठली. मामांनी भिंतीवर दोन्ही हात आपटले. "अगं मशीन बंद कर! बंद कर म्हणतो ना!"

सुनेचा हात धरून ते मॅडमच्या दाराशी आले. तिथं क्षणभर थांबले. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. खुर्ची हलवता आली असती, काहीतरी निमित्त काढून स्टँडही हलवता आला असता. पण मग तीन महिन्यांत जे होऊन गेलं, ते सुनेच्या डॉक्टरांना कोण सांगणार होतं? बोललं तर एकतीस वर्षांची नोकरी मातीत जाणार होती, आणि सून आयुष्यभर त्यांचं तोंड बघणार नव्हती. त्यांनी दार ढकललं.

"मॅडम, बॅज मी घातलाच नव्हता. हिच्या खुर्चीमागं टांगला होता," मामा म्हणाले. त्यांनी टेबलावरच्या कागदावर बोट ठेवलं. "हा आकडा माझा नाही, मॅडम. हिच्या पोटातल्या जिवाचा आहे."