चार शब्दांची जाहिरात

या, जरा जवळ सरका. भांगलणीचे दिवस आहेत, दिवसभर तण काढून दमला असाल, म्हणून गोष्टही छोटीच सांगतो. कडेगावजवळच्या एका गावात आकारामबुवांच्या कीर्तनाला एका वर्षी अकराच माणसं आली. बुवा म्हणाले, पुढच्या वर्षीचं करतो आणि थांबतो. पुण्यात मार्केटिंग शिकणाऱ्या त्यांच्या नातीनं, अंकितानं, पानभर जाहिरात लिहून स्पीकरच्या रिक्षावाल्या सिकंदरला दिली. त्यानं ती वाचून परत केली.

"पोरी, लय झ्याक लिवलंस. पण माझी रिक्षा एका दारापुढनं जाईस्तोवर चारच शब्द ऐकू येत्यात."

"मग वेळ, ठिकाण?"

"तीस वर्षं सांजचं सातलाच, मारुतीच्या देवळात. कुणाला ठावं न्हाई गं?"

दिवसभर तो एवढंच पुकारत फिरला, "आकारामबुवांचं आज शेवटचं कीर्तन!"

सातला बायाबापड्या खुरप्यांसकट रानातनं थेट आल्या. देवळात पाय ठेवायला जागा उरली नाही.

असं भरलेलं देऊळ सोडून कोण थांबेल? तो आकाराम मीच. त्या कीर्तनाला सहा वर्षं झाली, अजून कीर्तनाला उभा राहतोय. तुम्ही मला विसरलात तरी चालेल, पण सिकंदरला आठवणीत ठेवा.