पॉकेटचं पुढे काय झालं

"पॉकेटला मारून टाकू," शेल्बी म्हणाली.

मालिकेचे लेखक टेबलाभोवती बसले होते. ग्रेडीने टेबलावर थाप मारली. "वा! अंत्यविधीला अख्खी टीम गोळा होते. तीस वर्षांनी. पहिल्याच भागात लोक ढसाढसा रडतील."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या मार्जी हुडाकने हातातला कागदी पेला खाली ठेवला. 'पाँड स्ट्रीट मस्किटोज' हा सिनेमा तिने लिहिला होता. ओहायोतल्या घरी, स्वयंपाकघरात बसून, एकटीने पोर वाढवणाऱ्या बाईला जमेल तेव्हा. सतत हरणारी एक बेसबॉल टीम आणि तिच्यातली नऊ वात्रट पोरं. एका पिढीने तो सिनेमा शनिवारच्या दुपारी पिझ्झा खात, लोळत, पुन्हा पुन्हा पाहिला. त्यानंतर मार्जीचं काहीही पडद्यावर आलं नाही. आता अडुसष्टाव्या वर्षी तिला विमानाचं तिकीट पाठवून लॉस एंजेलिसला बोलावलं होतं. सिनेमाची मालिका होणार होती, घरबसल्या बघायची, आठ भागांची.

फळ्यावर नऊ नावं होती आणि प्रत्येकापुढे तो आता काय करतो ते. चेंडू फेकणारा पिचर घरं विकत होता. तो झेलणारा कॅचर दातांचा डॉक्टर झाला होता. फक्त पॉकेटपुढची जागा कोरी होती. त्याचं काम केलेला नट सिनेमा सोडून अलास्कात मासे पकडत होता आणि परत यायला तयार नव्हता.

पॉकेट मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा. तिकडे चेंडू सहसा जात नाही, म्हणून सगळ्यांत कच्चं पोर तिथे ठेवतात. तो तिथे बसून गवतातली पिवळी फुलं खुडायचा आणि खिशात बेडूक भरायचा.

"नाही," मार्जी म्हणाली. "तो जिवंत आहे."

"तुम्हाला वाईट वाटणार, कळतंय मला," ग्रेडी म्हणाला. अडतिशीचा हा गडी मालिकेचा कर्ताधर्ता. सिनेमा त्याला तोंडपाठ होता. "पण मग तुम्हीच सांगा, काय करतो तो आता? आमचं डोकंच चालत नाहीये. कुणावरून लिहिला होतात त्याला?"

"माझ्या मुलावरून. टोबीवरून."

"काय सांगता!" शेल्बी खुर्चीतून उठलीच. "खराखुरा पॉकेट आहे? मग अडलंय कुठे? तो जे करतो तेच लिहू की!"

टोबीला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. बाविसाव्या वर्षी, जानेवारीत, बर्फाने निसरड्या झालेल्या रस्त्यावरून त्याची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. इथे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगून टाकावं म्हणून मार्जीने तोंड उघडलं.

"त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे," ती म्हणाली.

शेल्बीने ते फळ्यावर लिहिलं.

"दुकान कसलं, उकिरडा! एक खिळा मागा, तो सापडेपर्यंत हा तुम्हाला तीन गोष्टी सांगेल." सगळे हसले. "बायको नोरीन. ती खमकी आहे म्हणून दुकान उभं आहे. दोन मुली. धाकटी थेट बापावर गेलीय. परवा तिच्या चड्डीच्या खिशातून गोगलगाय निघाली, तीही धुवून झाल्यावर!"

"आणि दिसतो कसा?"

"टक्कल पडलंय. पोट सुटलंय. घोरतो तर असा, की कुत्रं उठून दुसऱ्या खोलीत जातं."

मार्जी बोलत सुटली. टोबीची कंबर कधी धरते, तो मुलींच्या शाळेत कशी फजिती करून घेतो, दर रविवारी आईकडे येतो आणि फ्रिज रिकामा करून जातो. पाऊण तास ती थांबली नाही. फळा भरला. शेल्बी हसता हसता डोळे पुसत होती. मार्जीही हसत होती. आपल्याला इतकं हसता येतं हे ती विसरूनच गेली होती.

"ठरलं!" ग्रेडी म्हणाला. "पॉकेट जगला. दुसरा नट शोधू. मार्जी, लावा बघू टोबीला फोन. स्पीकरवर घ्या, आत्ताच सांगू त्याला."

मार्जीने फोन हातात घेतला. सगळे हसऱ्या चेहऱ्यांनी वाट पाहत होते. तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"नाही लागणार. दोन हजार सहा साली गेला तो. गाडी घसरली." ती थांबली. "दुकान नाही, नोरीन नाही, मुली नाहीत. मी आपली बोलत गेले."

ग्रेडी खुर्ची सरकवून उठला. "मार्जी, माफ करा. आम्ही काय वाट्टेल ते बडबडलो. अंत्यविधीचं आता नाव काढणार नाही. पॉकेट जगेल, दुकानासकट, मुलींसकट. शब्द देतो तुम्हाला."

मार्जीने फळा वरपासून खालपर्यंत वाचला. त्यातलं एक अक्षरसुद्धा टोबीच्या वाट्याला आलं नव्हतं. उद्या कुणी परका माणूस पोट सोडून तिथे उभा राहील, आणि लोक त्याला पॉकेट म्हणतील.

ती उठली. फळ्यापाशी जाऊन तिने दुकान पुसलं. मग नोरीन. मुलींपाशी तिचा हात थोडा अडला, पण तिने त्याही पुसल्या.

"अंत्यविधीच ठेवा," ती म्हणाली. "मी लिहिते."

"अहो, पण कशाला स्वतःला..."

"त्या प्रसंगाला माणसं किती देशील?"

ग्रेडीला प्रश्नाचा रोख कळेना. "म्हणाल तितकी. टीम, गाव, चर्च भरून माणसं. का?"

"टोबीला पुरलं त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं, रस्ते बंद. मी, माझी बहीण, पाद्री आणि खड्डा खणणारा," मार्जी म्हणाली. "या वेळी सगळ्यांना येऊ दे."