खोट मादीचीच

“आता औषधाचा उपयोग नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तांबं साठून साठून यकृत पार निकामी झालंय.”

टेबलावर भोपळ्या पडून होता. पिल्लू असताना चार पावलं चालला की गडगडायचा, म्हणून हे नाव. आता त्याच्या बरगड्या वर आल्या होत्या आणि डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. पिल्लूशेठच्या बायकोने त्याची हनुवटी तळहातावर धरली होती. पिल्लूशेठ पलीकडे हाताची घडी घालून उभे होते. कुत्र्यांची पैदास करण्यात त्यांची हयात गेली, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं, आणि खरं तर त्यांना ते आवडायचं.

घरात तांब्याचा तुकडा नाही, मग हे आलं कुठून, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. तांबं सगळ्यांच्याच खाण्यात थोडंफार असतं. जास्तीचं यकृत बाहेर टाकून देतं. भोपळ्याच्या यकृताला ते जन्मापासूनच जमत नव्हतं. आजार रक्तातलाच होता.

“म्हणजे काळीकडून आला,” पिल्लूशेठ म्हणाले.

काळी ही भोपळ्याची आई. या धंद्यात पिल्लांत खोट निघाली की मादी बदलतात, नराला कुणी बोट लावत नाही. नर म्हणजे भिंतीवरची पदकं आणि लांबून गाड्या घेऊन येणारी गिऱ्हाइकं. भोपळ्याचा बाप ‘सरकार’ उतारवयातही मैदानभर उधळायचा. त्याच्यावर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता. आधीच्या दोन माद्या पिल्लूशेठनी अशाच वाटेला लावल्या होत्या. काळीचंही ठरलं होतं. गोदामाचा रखवालदार संध्याकाळी तिला न्यायला येणार होता, साखळी त्याने आधीच आणून ठेवली होती. बायकोने एकदा नको म्हणून पाहिलं, तर यातलं तुला काय कळतं म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

“एकाकडून आलं तर पिल्लाला काही होत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आई आणि बाप, दोघांकडून आलं तरच ते आजारी पडतं. आई-बाप मात्र ठणठणीत दिसतात. काळी आणि सरकार, दोघांची लाळ तपासून आलीय. दोष दोघांतही आहे.”

सरकारची लाळ आपण दिलीच नव्हती, असं पिल्लूशेठ म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

मग इंजेक्शन दिलं गेलं. भोपळ्याने सवयीने शेपटी हलवली आणि थोड्या वेळाने ती थांबली. इतकी कुत्री हाताखालून गेलेले पिल्लूशेठ भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले. बायको रडली नाही. तिने भोपळ्याला घोंगडीत गुंडाळलं, त्याचे कान नीट केले. हे सगळं तिने एकदा पाहिलं होतं, दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्या खाटेशी बसून.

त्यांची मुलगी याच आजाराने गेली होती. माणसांतही तो असतो. आधी तिचं वहीतलं अक्षर बिघडलं, म्हणून बाई रागावल्या, घरचे रागावले. मग डोळे पिवळे झाले आणि कुणी रागावेनासं झालं. बायकोचा भाऊ तरुणपणीच यकृताच्या दुखण्याने गेला होता, त्यामुळे आजार कोणाच्या घराण्यातून आला हे ठरवायला कुणालाच वेळ लागला नाही.

पिल्लूशेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी बायकोला एका शब्दाने दुखावलं नाही. उलट तिला माफ केलं. मोठ्या मनाने केलं, आणि पाहुणे आले की सांगायचेही, की रक्तातच होतं त्याला ती तरी काय करणार. पाहुणे त्यांच्या मनाच्या मोठेपणाला मान डोलवायचे. बायको आत चहा टाकायला जायची.

गाडीत बसल्यावर पिल्लूशेठनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. भोपळ्या बायकोच्या मांडीवर होता. मेल्यावर तो जड वाटत होता.

“काळी कुठेही जाणार नाही,” ती म्हणाली.

या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. रखवालदाराला निरोप पाठवतो, असं ते पुटपुटले. सरकारची लाळ तपासायचं तुझ्या डोक्यात कुठून आलं, असं त्यांनी शेवटी विचारलं.

“पोरीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई-बाप दोघांकडून आल्याशिवाय हे दुखणं होत नाही म्हणून. तुम्ही तेव्हा औषधं आणायला खाली गेला होतात.”

पिल्लूशेठनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पाहुण्यांसमोर आपण काय काय बोललो, ते त्यांना एकामागून एक आठवू लागलं. त्यांचा चेहरा उतरला. किल्लीवरचा हात खाली आला.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

तिने घोंगडीची घडी सारखी केली.

“सांगणारच होते,” ती म्हणाली. “पण तुम्ही मला माफ केलंत, आणि त्या रात्री तुम्हाला झोप लागली. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच.”